फुलराणी आणि बहिणाबाई : भक्ति बर्वे यांच्या दोन भूमिका व खानदेशची बोली

१

नटाची कला त्याच्या देहाबरोबर संपते, म्हणून तिचा इतिहास लिहिणें व्यर्थ होय, असा एक समज संशोधकवर्गांत रूढ आहे. दानपत्र, महजर, बखर, बाड यांचें मोल आम्ही जाणतों. परंतु जें केवळ बोललें गेलें आणि हवेंत विरलें, त्याचें काय करावें हें आम्हांस उमजत नाहीं. प्रस्तुत लेखांत एका नटीच्या चरित्राच्या आधारें या समजाची तपासणी करण्याचें योजिलें आहे. ही नटी म्हणजे भक्ति बर्वे. त्यांच्या निधनास दोन तपें होऊन गेलीं. त्या खानदेशच्या नव्हत. परंतु त्यांच्या दोन भूमिकांच्या मुळाशीं खानदेशचे दोन कवि आहेत, आणि त्या दोन भूमिका शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यास भाषेच्या इतिहासांतील एक जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो. तो प्रश्न असा : माणसानें कोणत्या भाषेंत बोलावें हें कोण ठरवितो, आणि त्या निर्णयाची किंमत कोणास मोजावी लागते ?

२

प्रथम चरित्राची रूपरेषा देतों. भक्ति बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजीं सांगली येथें झाला. रंगभूमीवर त्यांचा प्रवेश बालनाट्यांतून झाला. सुधा करमरकर यांनीं लिटल थिएटर या संस्थेच्या द्वारें मुलांसाठीं नाटकें करण्याचा जो उपक्रम १९५९ सालीं आरंभिला, त्याच शाळेंत त्यांचें नाट्यशिक्षण झालें असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें त्यांनीं आकाशवाणीवर निवेदिकेचें काम केलें. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालें, आणि त्या केंद्राच्या आरंभींच्या काळांत मराठी बातम्या वाचणाऱ्यांत भक्ति बर्वे होत्या. मूळच्या शिरपूरच्या पाटील घराण्यांतील स्मिता पाटील यांचें नांवहि याच वाचकवर्गांत येतें.

हा तपशील वरवर किरकोळ वाटतो, परंतु आमच्या विषयास तो महत्त्वाचा आहे. आकाशवाणी व दूरदर्शन या दोन्ही ठिकाणीं जी मराठी बोलली जाई, ती प्रमाण मराठी. तींत ‘ण’ आणि ‘न’ यांची सरमिसळ खपत नसे, ‘ळ’चा उच्चार ढळतां कामा नये, दंत्य व तालव्य ‘च’ यांचा भेद राखावा लागे. म्हणजे भक्ति बर्वे यांची वाणी प्रमाण भाषेच्या उच्चारासाठीं घडविलेली होती, आणि त्यांस सर्वांत मोठी कीर्ति मात्र जिला प्रमाण मराठी बोलतां येत नाहीं अशा मुलीच्या भूमिकेनें मिळवून दिली.

‘ती फुलराणी’ हें नाटक १९७५ सालीं इंडियन नॅशनल थिएटर या संस्थेनें रंगभूमीवर आणिलें. लेखन व दिग्दर्शन पु. ल. देशपांडे यांचें. चिं. त्र्यं. खानोलकर यांनीं ब्रेख्तच्या नाटकावरून रचिलेल्या व विजया मेहता यांनीं दिग्दर्शित केलेल्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नाटकांत, तसेंच अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’ या नाटकांतहि भक्ति बर्वे यांच्या भूमिका गाजल्या. १९८३ सालच्या ‘जाने भी दो यारों’ या हिंदी चित्रपटांत त्यांनीं एका वृत्तपत्राच्या धूर्त संपादिकेचें काम केलें. १९९० सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांस मिळाला. त्यांचे पति शफी इनामदार हेहि नाट्य, चित्रपट व दूरचित्रवाणी या तिन्ही क्षेत्रांतील नामांकित नट होते. ते १९९६ सालीं वारले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वांत ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा एकपात्री कार्यक्रम भक्ति बर्वे करीत असत. १२ जून २००० रोजीं पु. ल. देशपांडे यांचें निधन झालें. त्यास बरोबर आठ महिने झाले त्या दिवशीं, म्हणजे १२ फेब्रुवारी २००१ रोजीं, वाई येथील कार्यक्रम आटोपून मुंबईस परततांना मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर मोटारीच्या अपघातांत भक्ति बर्वे यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय ५२ वर्षांचें होतें.

३

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कोणत्या पात्रानें कोणती भाषा बोलावी याचे नियम आपल्याकडे फार प्राचीन आहेत. भरतमुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आणि त्यांपैकीं वाचिकास नाट्याचें शरीर मानिलें. नाट्यशास्त्राच्या भाषाविधानाच्या अध्यायांत राजे, ब्राह्मण, अमात्य इत्यादि पात्रांस संस्कृत, नायिका व तिच्या सख्या यांस शौरसेनी, आणि इतरांस आपापल्या पायरीप्रमाणें निरनिराळ्या प्राकृत भाषा वांटून दिल्या आहेत. स्त्रियांच्या गीतांसाठीं महाराष्ट्री योजावी असा संकेत पुढें रूढ झाला. राणी, गणिका, तापसी यांनीं प्रसंगविशेषीं संस्कृत बोलावें अशी सवलत आहे. परंतु ती सवलत होय, अधिकार नव्हे.

या सवलतीचें उत्कृष्ट उदाहरण मृच्छकटिकांत आढळतें. वसंतसेना ही गणिका असून चतुर्थ अंकांत विदूषकाशीं बोलतांना ती संस्कृताचा आश्रय करिते. त्याच नाटकाच्या तृतीय अंकांत मात्र तोच विदूषक सांगतो कीं, आपणांस दोन गोष्टींचें हसूं येतें : संस्कृत वाचणाऱ्या स्त्रीचें आणि बारीक आवाजांत गाणाऱ्या पुरुषाचें. शूद्रकानें हीं दोन स्थळें एकाच नाटकांत ठेविलीं हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. एका अंकांत ज्या गोष्टीचें हसें होतें, तीच गोष्ट पुढच्या अंकांत नायिका सहजपणें करून दाखविते.

‘ती फुलराणी’चें मूळ म्हणजे बर्नार्ड शॉ यांचें ‘पिग्मॅलियन’. हें नाटक प्रथम १९१३ सालीं व्हिएन्ना येथें जर्मन भाषांतराच्या रूपानें झालें व १९१४ सालीं लंडनमध्यें इंग्रजींत झालें. उच्चारशास्त्राचा एक प्राध्यापक रस्त्यावर फुलें विकणाऱ्या मुलीस सरदारघराण्यांत शोभेल अशी भाषा शिकवितो, हें त्याचें कथासूत्र. तें मराठींत आणितांना पु. ल. देशपांडे यांनीं केवळ नांवें बदललीं नाहींत. फुलें विकणारी मंजुळा ही दगडू साळुंके याची मुलगी, आणि तिला शिकविणारा अशोक जहागीरदार. या दोन आडनांवांतच लंडनमध्यें नसलेला एक भेद आला. विलायतेंत भाषेवरून वर्ग ओळखला जातो. आपल्याकडे वर्गाबरोबर जातहि ओळखली जाते, आणि ऐकणारा ती ओळख क्षणार्धांत करितो.

नाटकाचें नांव आलें आहे तें बालकवींच्या ‘फुलराणी’ या कवितेवरून. मंजुळेचा उच्चार सुधारण्यासाठीं त्याच कवितेचा उपयोग नाटकांत केला आहे. बालकवि, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, हे खानदेशांतील धरणगांवचे. जन्म १३ ऑगस्ट १८९०. १९०७ सालीं जळगांव येथें भरलेल्या कविसंमेलनांत त्यांस ‘बालकवि’ ही पदवी मिळाली, आणि ५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळील भादली स्थानकापाशीं आगगाडीखालीं सांपडून त्यांचा अंत झाला. ज्या कवीनें आपल्याच प्रांतांत जन्म घेतला व आपल्याच प्रांतांत देह ठेविला, त्याची कविता येथें शुद्ध मराठीचा मापदंड म्हणून वापरली गेली, हें ध्यानांत ठेवावें.

४

मंजुळेची भूमिका वाचिक अभिनयाच्या दृष्टीनें किती अवघड आहे याचा विचार करूं. नटीस येथें दोन भाषा बोलून भागत नाहीं. एका भाषेंतून दुसरींत जाण्याच्या सर्व पायऱ्या प्रेक्षकांसमोर दाखवाव्या लागतात. आरंभीं बोली, मग प्रमाण भाषेचा अडखळता उच्चार, मग उच्चार शुद्ध पण मजकूर जुनाच, आणि अखेर उच्चार व विचार दोन्ही स्वतःचे. यांतील तिसरी पायरी विनोदाची असून चौथी दुःखाची आहे. कारण शिक्षण पुरें झालें तेव्हां मंजुळेस कळून येतें कीं आपण आतां फुलांच्या टोपलीकडे परत जाऊं शकत नाहीं, आणि जहागीरदाराच्या दिवाणखान्यांतहि आपली जागा नाहीं. ज्यानें भाषा शिकविली त्यानें प्रयोग जिंकला. शिकणारीचें घर मात्र गेलें. पुढें इतर नटींनींहि ही भूमिका केली, परंतु फुलराणी म्हटलें कीं भक्ति बर्वे यांचें नांव आजहि प्रथम ओठांवर येतें. मंजुळेच्या स्वगताचें त्यांच्या आवाजांतील ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तें ऐकणारास आमच्या म्हणण्याची सत्यता पटेल : त्या स्वगतांत प्राध्यापकास धडा शिकविण्याची प्रतिज्ञा ती करिते ती आपल्या बोलींत, शिकविलेल्या भाषेंत नव्हे.

५

दुसरी भूमिका याच्या नेमकी उलट आहे. दूरदर्शनच्या बहिणाबाई चौधरी यांच्यावरील चित्रपटांत भक्ति बर्वे यांनीं बहिणाबाईंचें काम केलें. बहिणाबाईंचा जन्म १८८० सालीं जळगांवनजीकच्या असोदें गांवीं झाला व ३ डिसेंबर १९५१ रोजीं जळगांव येथें त्या वारल्या. त्या वेळीं भक्ति बर्वे तीन वर्षांच्या होत्या. बहिणाबाईंस लिहितां वाचतां येत नव्हतें. शेतांत व घरांत काम करतां करतां त्या ओव्या रचीत, आणि पुत्र सोपानदेव चौधरी व एक आप्त त्या उतरून घेत. आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्रे यांस दाखविली, व १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. २०१८ सालीं जळगांवच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें. जिला अक्षरओळख नव्हती तिचें नांव आज पदवीपत्रांच्या शिरोभागीं छापलें जातें.

येथें प्रमाण भाषाच बोलीकडे चालत आली. मंजुळेस प्रमाण भाषेकडे जावें लागलें व जातांना तिचें सर्वस्व सुटलें. बहिणाबाई आपल्या जागीं बसून राहिल्या आणि मराठी वाचकवर्ग त्यांच्या जात्यापाशीं आला. एकाच नटीनें, एकाच कंठानें, हीं दोन्ही पात्रें उभीं केलीं. आमच्या मतें भक्ति बर्वे यांच्या कारकीर्दीचें ऐतिहासिक महत्त्व या जोडीमध्यें आहे, पुरस्कारांच्या यादींत नव्हे.

बहिणाबाईंची बोली ती आमच्या यावल-रावेर-भुसावळ भागांतील लेवा समाजाची बोली. पश्चिम खानदेशांतील अहिराणीहून ती निराळी असून वऱ्हाडीस अधिक जवळची आहे. ‘ळ’च्या जागीं ‘य’ येणें हा तिचा ठळक विशेष : केळीस ‘केयी’, काळ्यास ‘काया’, डोळ्यास ‘डोया’. तसेंच ‘ण’च्या जागीं ‘न’ : पाण्यास ‘पानी’. फैजपूरच्या चारी बाजूंस केळीच्या बागा आहेत. या गांवांत जो शब्द दिवसांतून शंभर वेळां उच्चारला जातो तोच पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीनें अशुद्ध ठरतो.

परंतु अशुद्ध म्हणजे काय ? वररुचीनें प्राकृतप्रकाशांत महाराष्ट्रीचा नियम असा दिला आहे कीं ‘न’चा सर्वत्र ‘ण’ होतो. म्हणजे एके काळीं ‘न’ सोडून ‘ण’ म्हणणें हें आमच्या भाषेचें लक्षण होतें, आणि आज बोलींतील ‘न’ हा दोष मानिला जातो. ‘ळ’ तर अभिजात संस्कृताच्या वर्णमालेंत नाहींच. तो ऋग्वेदाच्या पाठांत आहे व मराठींत आहे. ध्वनि बदलत असतात. त्यांवर शुद्धाशुद्धतेची मोहोर उठविणारे दरबार मात्र त्याहून लवकर बदलतात.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्हीं आयुष्यभर शिक्षकाचा व्यवसाय केला. एका वर्षीं वर्गांत एका मुलीस बालकवींची कविता मोठ्यानें म्हणावयास सांगितली. तिनें ‘ळ’च्या जागीं ‘य’ म्हटला. वर्ग हसला, आणि त्याबरोबर आम्हीहि हसलों. त्यानंतर ती मुलगी वर्षभरांत पुनः वाचावयास उभी राहिली नाहीं. मृच्छकटिकांतील विदूषकाचें वाक्य आम्ही कित्येक वर्षें शिकवीत होतों. तें आपल्यास लागू पडतें हें मात्र फार उशिरां कळलें.

६

आतां पुराव्याचा विचार. बहिणाबाईंचा कंठस्वर आपणांपाशीं नाहीं. सोपानदेवांनीं उतरून घेतलेला पाठ तेवढा आहे. लेखकाच्या हातून बोलीचा उच्चार कागदावर येतांना कोठें कांहीं बदललें असेल कीं काय, हा प्रश्न कोणत्याहि मौखिक पाठास विचारावा लागतो. या बाबतींत महानुभावांचा आदर्श आपल्यासमोर आहे. म्हाइंभटानें चक्रधरांच्या आठवणी ज्यांनीं त्या पाहिल्या व ऐकल्या त्यांस विचारून गोळा केल्या, आणि लीळाचरित्राच्या परंपरेंत कोणाच्या पाठांत काय होतें याचीहि नोंद ठेवण्यांत आली. स्मृतिस्थळांत अशी आठवण आहे कीं ग्रंथ संस्कृतांत रचण्यास नागदेवाचार्यांनीं केशवराजास मना केलें, कारण त्यामुळें पंथांतील वृद्ध स्त्रिया ज्ञानास अंतरतील. भाषा कोणासाठीं, हें त्यांनीं प्रथम पाहिलें.

नटाच्या उच्चारासहि पाठाचीच कसोटी लावतां येईल. बहिणाबाईंवरील चित्रपट हा त्या पाठावरील एक भाष्यग्रंथ समजावा : कोणत्या ठिकाणीं ‘य’ राखला, कोठें प्रमाण रूप आलें, ओवीची चाल कोणती घेतली, हें अभ्यासकानें कान देऊन टिपून ठेवावें, आणि असोदें व फैजपूर येथील वृद्ध स्त्रियांच्या बोलण्याशीं ताडून पाहावें. हें काम आतांच झालें पाहिजे. कारण जात्यावरच्या ओव्या प्रत्यक्ष जात्यावर म्हटलेल्या स्त्रिया दरवर्षीं कमी होत आहेत.

संग्राहकांस आणखी एक सूचना. हस्तलिखितांच्या शोधांत फिरतांना नाटकाचे कागद रद्दी समजून टाकूं नयेत. नाट्यसंस्थांच्या सूचकाजवळील संहिता, त्यांतील खोडाखोड व समासांतील टिपा, परिनिरीक्षण मंडळाकडे पाठविलेल्या प्रति, हस्तपत्रकें, नाट्यगृहांच्या तारखांच्या वह्या, घरगुती ध्वनिफिती, हीं सर्व इतिहासाचीं साधनें आहेत. दूरचित्रवाणीच्या आरंभींच्या बातम्या थेट वाचल्या जात, आणि त्या काळीं महाग असलेल्या फितीं‌वर पुनःपुनः मुद्रण केलें जाई. त्यामुळें भक्ति बर्वे यांच्या वाणीचा तो भाग बहुतांशीं गेलाच म्हणावा. जो राहिला आहे तो कोणाच्या तरी कपाटांत असेल. वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव फिरून कागदांचे रुमाल जमविले आणि आपल्या आयुष्याची अखेर १९२६ सालीं धुळ्यास केली. तेच राजवाडे शब्दांच्या व धातूंच्या व्युत्पत्तीसाठींहि झिजले, हें त्यांच्या अनुयायांनीं विसरूं नये.

जें मोडण्यासाठींच उभारलें जातें त्याचाहि इतिहास असतो, हें फैजपूरकरांस सांगावयास नको. डिसेंबर १९३६ मध्यें पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं येथें काँग्रेसचें अधिवेशन झालें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. नंदलाल बोस यांनीं बांबू व येथें मिळणारें साहित्य घेऊन तिलकनगर सजविलें. अधिवेशन संपलें आणि नगर उठलें. त्या वेळीं ज्यांनीं छायाचित्रें, पत्रिका, जमाखर्चाचे कागद जपून ठेविले त्यांच्यामुळेंच आज त्याचें वर्णन करतां येतें. रंगमंचावरील दोन-तीन तासांचें नगरहि असेंच उठतें.

असो. भक्ति बर्वे यांनीं बालकवींच्या कवितेपासून बहिणाबाईंच्या ओवीपर्यंतची वाट आपल्या कंठानें चालून दाखविली. धरणगांव व असोदें हीं दोन गांवें एका दिवसांत पाहून परत येतां येण्याजोगीं आहेत. परंतु त्यांमधील भाषेचें अंतर मोजावयास आमच्यासारख्यास सारें आयुष्य लागलें. आतां पुनः कोणी आमच्यासमोर ‘केयी’ म्हणेल, तर आम्ही प्रथम तें जसेंच्या तसें वहींत उतरून घेऊं, आणि खालीं तारीख, गांव व बोलणाऱ्याचें वय लिहूं.